शेठच्या विमानाला लिंबू-मिरची

चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना मागं एकाला असा ठसका लागला होता, की बिचाऱ्याचा सदरा बदलावा लागला.

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद. तिकडं चिकलठाण्यात कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, आणि आमच्या शेठला सारखं मुंबईला जावं लागायचं. रस्ता कधी अडेल नेम नाही, म्हणून गड्यानं थेट विमानच घेतलं! चार माणसांचं, लहानसं. मी त्यांच्याकडं स्टोअर सांभाळायचो. शहरावरून पहिली चक्कर मारायची ठरली, तेव्हा शेठ म्हणाले, "कडुबा, तू पण चल."

आता मी पडलो पिशोरचा. आमच्याकडं साधी सायकल आली तरी हार-नारळ झाल्याशिवाय तिच्यावर कुणी टांग टाकत नाही. आणि हे तर विमान, तेही कोरं! शेठ असल्या गोष्टींना नाक मुरडायचे. म्हणून मी आधीच जाऊन गुपचूप कुंकू लावलं आणि डाव्या चाकाच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधली. वर वारा लई असणार, दोरा टिकायचा नाही, म्हणून स्टोअरमधली तार घेतली आणि पकडीनं चांगली पिळली. कच्चं काम आपल्याला आवडत नाही.

मला काय ठाऊक, वर गेल्यावर विमान चाकं पोटात घेतं म्हणून? बैलगाडी घेते का? ट्रॅक्टर घेतो का?

हर्सूलच्या तलावावरून वळून आम्ही परत आलो. उतरायच्या वेळी विमान चालवणारे कॅप्टन एकच खटका पुन्हा पुन्हा दाबायला लागले. मग म्हणाले, डावं चाक बाहेर येत नाही, असंच राहिलं तर विमान पोटावर घासत उतरवावं लागेल. शेठचा चेहरा पांढराफटक. देवाधर्माला हसणारा माणूस, पण सगळ्या देवांची नावं घ्यायला लागला.

मला त्यांची कीव आली हो! खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "शेठ, घाबरू नका. डाव्या चाकाला काय होणार नाय. त्यालाच तर मी लिंबू-मिरची बांधलीय."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"कशानं बांधलीत?" कॅप्टननं विचारलं.

"तारेनं. तुटायची नाय, बिनघोर राहा."

हे बोललो, आणि मग आपण काय बोललो ते डोक्यात शिरलं. तीच तार आत कुठंतरी अडकून चाक धरून बसली होती. बायको-पोरं डोळ्यांपुढं दिसायला लागली. खोटं कशाला सांगू, रडूच फुटलं.

कॅप्टननं सीटजवळचा एक दांडा दाखवला. चाक हातानं खाली ढकलायचा तो पंप.

"बांधलीस तू," शेठ म्हणाले, "आता तोड पण तूच."

गावाकडं हापसा मारतात तसा मी तो दांडा मारत सुटलो. विमान गोल फिरतंय, मी घामानं निथळतोय, शेठ आलटून पालटून देवांची नावं घेतायत आणि मला शिव्या देतायत, आणि तार काही तुटेना! पिळलीच होती तशी. अखेर खाली कट्कन आवाज झाला, चाक बाहेर आल्याचा हिरवा दिवा लागला, आणि आम्ही धडधाकट उतरलो.

नोकरी गेली असंच मी धरून चाललो होतो. पण शेठनं ठेवलं. फक्त तेव्हापासून विमान उडायच्या आधी कॅप्टन पेट्रोल बघायचे, तेल बघायचे, आणि मी नुसता निरोप द्यायला उभा असलो, तरी माझे खिसे तपासायचे.