आडावरच्या अकरा खाचा

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनखाली बिघडलेल्या कागदांचा एक गठ्ठा असतो. काही वाकडे आलेले, काही काळे पडलेले. टाकून देऊ म्हणते आणि मागची बाजू कोरी दिसली की ठेवून देते. कानडी मुलखातल्या आमच्या मराठी आडगल्लीच्या इतिहास मंडळाचे किस्सेही असेच साठलेत. मंडळाच्या जाड वहीत जे शोभत नाही, ते सगळं माझ्याकडे!

मंडळ म्हणजे तीन माणसं. रिटायर झालेले शिवराज मास्तर, ज्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. जुनं उर्दू वाचता येणारे चाँदसाब चाचा. आणि मी, सरोजा. माझी निवड विद्वत्तेवर झालेली नाही. रविवारी बसायला सावली आणि फुकट झेरॉक्स माझ्याकडे, म्हणून!

* * *

सुरुवात नगरपालिकेच्या एका नोटिशीनं झाली. गल्लीतली मोकळी जागा सपाट करून तिथं गाड्यांची पार्किंग होणार, असं तीत लिहिलं होतं. मोकळी जागा म्हणजे आमचा आड! ज्याच्यावरून गल्लीला नाव पडलं, तोच. नळ आल्यावर गल्लीनंच त्यात कचरा टाकून टाकून काठसुद्धा पुरून टाकला होता, हे खरं. पण आपला आड आपण बुजवणं वेगळं आणि दुसऱ्यानं बुजवणं वेगळं!

अप्पा तडक ऑफिसात गेले. क्लार्कनं नकाशा पसरला. "आड कुठाय अप्पा? नकाशात तर न्हाई."

"नकाशात तुमी बी न्हाईत," अप्पा म्हणाले, "मग ह्या खुर्चीत कोन बसलंय?"

क्लार्क हसला, पण फाइल मिटली. "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल, अप्पा? आड हाय आनी तो समद्या गल्लीचा हाय, दोन्हीचा पुरावा आना. म्हैनाभर थांबतो."

अप्पा तिथून थेट माझ्या दुकानात आले. चहासुद्धा नको म्हणाले. "सरोजा, दोनशे पानी वही दे."

मंडळाची स्थापना ती एवढीच.

* * *

पहिली मुलाखत गंगक्काची घ्यायचं ठरलं. वय पंच्याहत्तरच्या पुढं, आवाज पंचविशीतला! मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. अप्पांनी घसा साफ केला आणि शाळेतल्यासारखं विचारलं, "गंगक्का, आड कवा बांधला?"

"मला कामून इचारायलाव? मी काय गवंड्याच्या हाताखाली होते व्हय?"

"बरं. मग तुमाला काय आठवतं, ते सांगा."

झालं! पुढं दीड तास अप्पांना दुसरा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. आडावर प्रत्येक घराची पाणी शेंदायची जागा ठरलेली होती. रोज दोर घासून घासून दगडी काठाला खाच पडायची आणि ती खाच त्या घराची. एवढं पाच मिनिटांत झालं. उरलेला सगळा वेळ शेजारच्या खाचेवर पाणी शेंदणाऱ्या काशीबाईला! ती किती लबाड होती, पहाटे आधी येऊन जागा कशी अडवायची, कळशी मुद्दाम कशी आपटायची.

"दोनी खाचा माज्या होत्या! तिनं एक हिसकावली माज्याकडनं!"

काशीबाई म्हणजे माझी सासू. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मी मोबाइल धरून मुकाट्यानं मान हलवत होते.

शेवटी गंगक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. "तुला राग आला का गं?"

"न्हाई अक्का."

"कामून न्हाई?" ती खवळलीच. "सासू हाय ना तुजी!"

* * *

मग अप्पांच्या माळ्यावरच्या पेटीत एक उर्दू कागद सापडला. कडा कुरतडलेल्या, खाली अंगठा, वर शिक्का. अप्पांची खात्रीच पटली, ही आडाची सनद! अर्धी गल्ली दुकानात जमली. चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"गल्लीतल्या आडावर, चार लोकांच्या समोर..."

"बघा!" अप्पा ओरडले.

"...आमची मोठी पितळी परात लग्नासाठी दिली होती. दोन बरसात झाल्या, परत आली नाही. पाटीलसाहेबांनी दखल घ्यावी."

अप्पांचा चेहरा उतरला. सनद नव्हतीच, अप्पांच्या आजोबांची तक्रार होती. "परात नेली कुनी, ते तरी लिवलंय का?"

चाचांनी शेवटची ओळ मनातल्या मनात वाचली. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मास्तर," ते म्हणाले, "वो परात हमारे घर में है. आमी रमजानला तिच्यातच पीठ मळतो!"

पुढच्या रविवारी परात परत आली. भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून शेवयांनी भरून! अप्पांनी वहीत नोंद केली: "वस्तू मिळाली. शेवया उत्तम."

* * *

आता आड उकरणं आलंच. दोन रविवार सगळी गल्ली फावडी-टोपली घेऊन खपली. आत उतरायला दोर लावून पाळी ठरवली होती. बाजूला उभं राहून अप्पांचं भाषण सुरू होतं. "आपल्याच वारशावर कचरा टाकनारे हे लोक कोन? त्यांची नावं मला कळलीच पायजेत!"

तेवढ्यात पहिली टोपली वर आली. टोपलीत सगळ्यात वर दाराची एक पाटी. चिखल पुसला तर अक्षरं स्पष्ट दिसली.

'शिवराज मास्तर, एम.ए.'

भाषण तिथंच संपलं. अप्पा स्वतः फावडं घेऊन खाली उतरले आणि अंधार पडेपर्यंत वर आले नाहीत!

त्यानंतर तुटका पंखा निघाला, पाळण्याचा खूर निघाला, चपला तर विचारू नका. एकही जोडी पूर्ण नव्हती. दुसऱ्या रविवारी दुपारी काठाचा काळा दगड मोकळा झाला, आणि त्यावर खोल, गुळगुळीत खाचा. एक, दोन, तीन... अकरा! मग खालून चाचांचा नातू ओरडला, "पानी हाय!"

सांगायला लाज कसली? मी रडले. अप्पाही रडले, पण ते म्हणतात डोळ्यात माती गेली होती.

* * *

सोमवारी अप्पा पाण्याची बाटली घेऊन ऑफिसात गेले. बाटली क्लार्कच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"पोहऱ्यातलं."

क्लार्कनं बाटली उजेडाला धरून बघितली! मग त्यानं परातीचा कागद उलटसुलट करून बघितला. "अप्पा, आड हाय, मान्य. पर ह्यो कागद परातीचा पुरावा झाला. आड समद्या गल्लीचा होता, का कुन्या एका घराचा? एका घराचा असंल तर बुजवायला त्या एकाचीच सही पुरंल. बुधवारी साहेब येतील. त्येंना दावा."

* * *

बुधवारी अकराला साहेब आले, आणि पावणेअकराला लाइट गेली! माझ्या मशीनमध्ये साहेबांना दाखवायचे कागद अर्धे आत, अर्धे बाहेर. साहेब आडाजवळ उभे राहून कन्नडमध्ये विचारत होते, हा सार्वजनिक कशावरून? आणि अप्पा, ज्यांनी तीस वर्षं वर्ग गाजवला, ते नुसते खिसे चाचपत होते.

तेवढ्यात गंगक्का काठी टेकत आली. काठी आडाला टेकवून ठेवली, वाकली आणि एका खाचेत हात घातला. "ही माजी," ती मराठीत म्हणाली. साहेबांना कळलं.

मग समोरच्या घरातली आजी आली. "ही माजी." मग दोन सुना आल्या, आपापल्या सासूच्या खाचेजवळ उभ्या राहिल्या. चाचा आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "ये मेरी अम्मा की." कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. एकेक घर येत गेलं आणि आपल्या जागी उभं राहिलं. इतकी वर्षं काठ पुरलेला होता, पण कुणाचीही जागा चुकली नाही.

दहा खाचा भरल्या. साहेब काठाकाठानं मोजत आले आणि गंगक्काच्या शेजारी थांबले. "ही कुणाची?"

मी समोरच्या माझ्या दुकानाच्या पायरीवरून हलले नाही. दीड तासाचं रेकॉर्डिंग माझ्याच मोबाइलमध्ये होतं. दोन्ही माझ्या, असं गंगक्का आता म्हणणार, आणि ती भांडली तर सगळं फिसकटणार! एकच घर दोन खाचा सांगायला लागलं की साहेब उरलेल्या खाचा तरी कशाला खऱ्या मानतील?

गंगक्कानं मान वळवली. "सरोजा! तितं काय हुबी ऱ्हायलीस? हिकडं ये."

मी गेले. तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात त्या खाचेत दाबून बसवला. दगड गार होता.

"ही काशीबाईची," ती साहेबांना म्हणाली. "ही तिची सून."

साहेबांनी फाइल उघडली. उभ्या उभ्याच लिहिलं आणि वाचून दाखवलं, "आड आहे. अकरा घरांचा आहे. बुजवू नये. काठ दुरुस्त करून जाळी बसवावी." खाली सही केली. अप्पांनी टोपी उडवली! चाचांनी अप्पांना उचललं! पोरांनी थाळ्या बडवायला सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हाच लाइट आली!

मी तशीच उभी होते, हात खाचेत.

गंगक्कानं मला कोपरानं ढोसलं.

"आता जरा तिकडं सरक. तुजी सासू बी अशीच माज्या जागंत यायची."