वरच्या मजल्यावरची पुढची सीट

२०२३ साल. माझं वय तेव्हा एकाहत्तर. लंडनला पोराच्या घरी येऊन आम्हा दोघांना दोन महिने झाले होते, अजून चार काढायचे होते.

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही अर्धी. पण चाळीस वर्षं रायपूरच्या पंडरीत, कपड्याच्या ठोक बाजारात, गाठींवर मार्का टाकला. तागाच्या बारदानात शिवलेली कपड्याची गाठ, त्यावर काळ्या रंगाने वर मोठा मार्का व्यापाऱ्याचा, खाली लहान मार्का माल जायच्या गावाचा. इंग्रजी मले वाचता येत नाही, पण अक्षराची आकृती एकदा पाहिली की हात तशीच काढतो. माझ्या हातची गाठ कधी भलत्या गावी उतरली नाही, हे मी कोणालाही सांगतो.

अशा माणसाला पोराने तिथं पार्सल करून ठेवलं होतं. गाडीत घालून नेणार, दाखवणार, गाडीत घालून आणणार. आमच्या हिची इच्छा एकच होती. लाल दुमजली बसमध्ये वरती, अगदी पुढच्या काचेजवळ बसायचं. पोराला मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीत. म्हणे, "मम्मी, बस में टाइम वेस्ट होता है."

एका आठवड्याच्या शेवटी पोरगा अन् सून मित्राच्या लग्नाला बाहेरगावी गेले. जाताना पोराने मले समोर उभं करून सांगितलं, "पापा, पार्क तक ठीक है. उसके आगे नहीं. संडे को छह बजे तक हम आ जाएँगे."

शनिवार मोठा आरामात गेला. नऊला उठलो. पोरा-सुनेची धावपळ नाही, कोणाचा फोन नाही. मागच्या पायरीवर उन्हात बसून दोनदा चहा झाला. हिनं झुणका अन् भात केला, खाऊन ताणून दिली. संध्याकाळी पार्कातल्या बाकड्यावर बसलो तेव्हा ही म्हणाली, "लग्न झालं तेव्हा सायकलवर मागं बसवून रायपुरात तात्यापाऱ्यापासून गुढियारीपर्यंत फिरवलं होतं तुम्ही. आता पोराशिवाय गल्लीबाहेर नेता येत नाही."

हसतच म्हणाली. पण मले लागलं. म्हटलं, "उद्या जेवून तयार राहा."

"काहून?"

"बसमध्ये बसायचं हाय. वरती."

"अन् हरवलो तर?"

"पोरगा यायच्या आत तुले घरी आणतो. नाही आणलं तर उरलेले चार महिने मी पार्कातच बसतो, एक शब्द बोलत नाही."

रविवारी दुपारी घराजवळच्या बसच्या खांबाशी गेलो. त्यावरचा सगळ्यात मोठा मार्का कागदावर हुबेहूब उतरवून घेतला. बसचा नंबर पाठ केला, आकडे मले येतात. बस आली ती रिकामी. पोराने दिलेली तिकिटाची निळी कार्डं मशीनला लावली, हिचा हात धरून जिना चढलो, अन् पुढची सीट दोघांची झाली.

ही लहान पोरीसारखी काचेला नाक लावून बसली. झाडाच्या फांद्या काचेला घासून जायच्या, की ही डोकं खाली करायची. म्हणाली, "या लोकांच्या गच्च्या पाहा, एकीवर पापड नाही." नदी आली तिथं उतरलो. डब्यातला चिवडा खाल्ला, पाणी पाहत बसलो, अन् साडेचारला समोरच्या बाजूने त्याच नंबरच्या परतीच्या बसमध्ये चढलो.

जाताना लागला तेवढा वेळ होत आला, तसा मी कागद हातात धरून खांब पाहायला लागलो. पहिल्याच खांबावर तोच मार्का. म्हटलं, आलं, उतर. उतरलो तर रस्ता भलताच.

ही म्हणाली, "आपलं घर कुठं हाय जी?"

पुढच्या खांबापर्यंत चालत गेलो. तिथंही तोच मार्का. रस्त्यापलीकडच्या खांबावरही तोच. तेव्हा उलगडा झाला. मी उतरवला होता तो मोठा, व्यापाऱ्याचा म्हणजे बस कंपनीचा मार्का, जो सगळ्या गाठींवर सारखाच असतो. गावाचा लहान मार्का, त्या थांब्याचं नाव, खाली होता, तो मी घेतलाच नव्हता. चाळीस वर्षं केलेल्या कामात ही चूक.

"विचारा ना कोणाला," ही म्हणाली.

"कोणत्या भाषेत विचारू?"

"अन् मोबाईल?"

"चार्जिंगला लावून ठेवला."

"शाबास."

मी तिथंच उभा राहिलो अन् विचार केला. गाठीवर गावाचा मार्का पुसला गेला तर आम्ही काय करायचो? मध्येच कुठं उतरवत नव्हतो. गाडी शेवटच्या गोदामापर्यंत जाऊ द्यायचो, तिथं माल ओळखायचो. अन् दुपारी घराजवळ आमची बस रिकामी आली होती. म्हणजे ती जवळूनच कुठून तरी सुटते, अन् परतीला तिथंच जाऊन थांबते.

"चल," म्हटलं. "आता शेवटपर्यंत उतरायचं नाही."

पुढची बस आली. पुढची सीट पुन्हा मिळाली, पण ही आता खिडकीबाहेर नाही, माझ्याकडे पाहत होती. मी मान ताठ ठेवली. शेवटी बस थांबली, सगळे उतरले. उतरून पाहतो तर मागच्या रस्त्यावर आमच्या पार्काचं कुंपण.

हिनं पदर सावरला अन् माझ्यापुढे चालायला लागली.

घरी पोचलो तर पोरगा दारात. सांगितल्यापेक्षा तासभर आधीच आला होता. चेहरा पांढरा. "पापा, हद करते हो आप. कुछ हो जाता तो?"

मी तोंड उघडणार, तोच ही म्हणाली, "ओरडतो काहून? तुझ्या बापानं नेलं अन् तुझ्या बापानंच आणलं. वरच्या मजल्यावर बसवून." सुनेला म्हणाली, "पोट्टी, चहा टाक. आम्ही नदीवरून आलो."

सोमवारी सकाळी पोरगा गाडीची किल्ली घेऊन आला. म्हणाला, आज छुट्टी ली है, मम्मी जहाँ बोले वहाँ चलते हैं. मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, त्याला म्हटलं, तू तुझ्या कामाला जा, अन् हिला घेऊन चालत बसकडे निघालो.