सुट्ट्या वगळून

माझी आत्या परवाना कचेरीत होती. अर्ज आल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, ते मोजायचं हे तिचं काम. दिवस म्हणजे कामाचे दिवस. अर्ज आला तो दिवस धरायचा नाही, शनिवार-रविवार नाही, सुट्टी नाही. उरतील ते सातच्या आत बसले पाहिजेत. आठवा उजाडला की आत्या त्या कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. बोलायची काही नाही, नुसती उभी. भलेभले घाम पुसायचे आणि कागद सुटायचा.

ही खोड तिनं घरीही आणली. शिंपी "आठवड्यानं या" म्हणाला की ही विचारणार, "त्यात तुमची सुट्टी धरलीत का?" बिचाऱ्याला काय ठाऊक, कोणाशी गाठ आहे! आतोबा मिश्कील. चहाला उशीर झाला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, "बाईसाहेब, आमच्या अर्जाचं कुठवर आलं?" आत्या लटकं रागवायची आणि आधण ठेवायची. मी शिकायला त्यांच्याकडेच राहायचे. ते घर आठवलं की अजून गलबलून येतं.

मग आतोबांच्या मानेला गाठ आली. तुकडा काढून तपासायला दिला. दवाखान्याच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "पाच कामाच्या दिवसांनी रिपोर्ट मिळेल. सुट्ट्या वगळून." गाठ साधी की वाईट, ते तोवर कळणार नव्हतं. त्यात पाचवा दिवस यायच्या आत नेमक्या लागून तीन सुट्ट्या! मी त्या मुलीवर तोंड टाकणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "राहू दे गं. नियमानं बरोबर आहे तिचं." तिचा चेहरा मात्र पार उतरला होता.

पहिल्या सुट्टीला सकाळीच आतोबांनी फर्मान काढलं, "हे दिवस धरायचेच नाहीत ना? मग आजारपणही धरायचं नाही. कोणी नाव काढायचं नाही."

आणि खरंच कोणी काढलं नाही. पत्त्यांचा डाव मांडला. आतोबा धडधडीत लबाडी करायचे, आत्या पकडायची. दुपारी दोघं जिन्याच्या पायरीवर एकच संत्रं वाटून खात बसायची. आतोबांनी तिला शीळ घालायला शिकवायचं मनावर घेतलं. तिच्या तोंडून नुसती हवा निघायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. इतकी वर्षं एका घरात राहून त्या दोघांना असं निवांत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

सुट्ट्या संपल्या. पाचव्या दिवशी रिपोर्ट दवाखाना उघडताक्षणी तयार होता. मुलीनं आत्याला ओळखलं.

"बघा काकू, दिला की नाही वेळेत?" ती हौसेनं म्हणाली.

आत्यानं तिथंच उभ्याउभ्या वाचला. गाठ वाईट होती. तिनं कागद घडी घालून पाकिटात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "एवढी घाई कशाला केलीस गं बाळा?"