बिटाला उकळीचं वावडं

आमच्या कोल्हारच्या घरी उकळी म्हणजे देवच. सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या दादांचं, आयुष्य गुऱ्हाळात उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीसमोर गेलं. नीट उकळलं तेच टिकलं, एवढं त्यांचं शास्त्र. आणि मी काढत होते बिटाचा रंग, ज्याला उकळीचं वावडं. कीस लिंबू पिळलेल्या कोमट पाण्यात ठेवायचा, बोट सुखानं टिकेल इतकंच गरम. गार पाण्यात रंग नीट सुटत नाही. जास्त तापलं की तो विटकरी होतो आणि अँटिऑक्सिडंटही जातात. हे शिकेपर्यंत दोन गिऱ्हाइकं हातची गेली. नगरचा कुल्फीवाला तिसरा. तोही गेला तर मी रंग काढते त्या खोलीत कांदा भरायचा, असं सासूबाईंनी बजावलं होतं. रिकाम्या गोण्यासुद्धा दाराशी आणून ठेवल्या होत्या.

तो दुपारी येणार होता. सकाळी पातेलं मंद आचेवर ठेवून मी गाळायचं फडकं आणायला गेले. परत येते तर पातेल्यात रटरट! गॅस मोठा करून दादा समाधानानं शेजारी उभे.

माझं डोकंच फिरलं. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? उकळलं की मरतो तो रंग! वाटोळं केलंत माझं."

सासऱ्यांशी असं बोलतात होय? पण बोलले. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

दादांनी गॅस बंद केला. "कच्चं ऱ्हाईल वाटलं, पोरी. आमी कच्चं कदी उतरवलं न्हाई."

उरलेलं बीट जेमतेम एका घाण्यापुरतं. तेच किसायला घेतलं. दादा कोपऱ्यात बसून राहिले. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

रंग गाळून बाटलीत भरते तोच कुल्फीवाला आला. बाटली उजेडात धरून खूश झाला आणि म्हणाला, दूध तापवा, त्यात टाकून बघू. दूध वर आलं तसं त्यानं झाकण काढलं. हाही जातो की काय, या भीतीनं गिऱ्हाइकाला अडवायचं धाडस होईना. बाटली वाकडी झाली, तेवढ्यात दादांनी उठून त्याचा हात धरला.

"उकळीत नगं. मरतो त्यो. दूध निवू द्या."

दूध कोमट होईपर्यंत तो थांबला. मग त्यानं रंग ओतला. दूध गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं. कुल्फी तर गारच असते, रंग शेवटी घालीन, म्हणाला, आणि पुढच्या आठवड्याचा माल सांगून गेला.

मला दादांसमोरच रडू कोसळलं. त्यांनी दाराशी पडलेल्या गोण्या उचलल्या आणि मागं गोठ्यात नेऊन टाकल्या.