ओदिलियावहिनीच्या टेबलावर

माझी वहिनी ओदिलिया कुणाचं भलं करायला निघाली, की मला धडकीच भरते.

माझा भाऊ रोहेलियो गेल्यापासून तिला एकटीला जेवण जात नाही. समोर कुणी बसलेलं असलं तर चार घास उतरतात, नाहीतर चूल पेटतच नाही. मी शेजारून मक्याच्या गरम भाकरी पाठवते, त्या कुत्रं खातं. म्हणून तर आमच्या आंतिग्वा गावात स्पॅनिश शिकायला येणारी परदेशी पोरं ती घरी ठेवून घेते. पण मागचा मुलगा ‘बाई सारखी खोलीत डोकावते’ म्हणून तक्रार करून निघून गेला. ही पोरं घरोघर पाठवणाऱ्या, भाषेच्या शाळेतल्या मारिक्रूसने तेव्हाच बजावलं, “ओदिलियाबाई, आणखी एक तक्रार आली तर तुमच्याकडे मी कुणाला पाठवणार नाही.” त्यानंतर घर रिकामं राहिलं आणि वहिनीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

मग आली मारित. नॉर्वेची कोवळी पोर, पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडलेली. शाळा सोमवारी सुरू होणार, ही गुरुवारीच हजर! भाषेच्या नावाने शंख. आणि संशयी तरी किती असावं माणसानं? पासपोर्ट पोटाशी बांधून अंघोळीला जायची. वहिनीने रस्त्याच्या दाराला कुलूप घातलं की हिचा चेहरा पांढराफटक. आता दार काय सताड उघडं टाकायचं? बाहेर निघाली की वहिनी घड्याळावर बोट ठेवून विचारणार, कधी येशील? पोरीला वाटायचं, पाळत ठेवतात. जेवायला बोलावलं की दारातूनच “नो, ग्रासियास”, आणि आत जाऊन बिस्किटं कुरतडायची. वहिनी ताट वाढून बसायची आणि तसंच झाकून ठेवायची.

“ही काहीतरी लपवतेय, तेन्चा,” वहिनी मला म्हणाली. “काल, आज, दोन्ही दिवस बसस्टँडवर जाऊन उभी राहिली. कुणाची वाट बघते?”

“कुणाची नाही. पळायचा रस्ता बघून ठेवते.”

“कुणापासून?”

“तुझ्यापासून! आणखी कुणापासून?”

खरं सांगते, मलाही ती पोरगी सरळ वाटत नव्हती. माणसाच्या हातचं न खाणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

शनिवारी मारिक्रूस फोनवर सहज बोलून गेली, की उद्या मारितचा वाढदिवस आहे. झालं! वहिनीच्या अंगात वारं शिरलं. डुकराचं मटण आणलं, केळीची पानं आणली, मक्याच्या पिठात मटण भरून पानांत बांधलेले तामाल उकडायला घातले आणि फटाक्यांची माळ आणली.

“तिला आधी सांगायला नको?” मी विचारलं.

“वाढदिवसाला पहाटे दारात फटाके वाजतात, हे जगात कुणाला माहीत नाही गं?”

मलाही ते पटलं. कुणाला माहीत नसेल, असं मनातच आलं नाही. दिवसभर आमची कुजबुज चालली. पोरगी अंगणात आली की आम्ही गप्प. माळ हौदाखाली लपवताना तिने आम्हाला बघितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

पहाटे वहिनीने तिच्या उंबऱ्याशी माळ पेटवली. तड तड तड तड! धुरातून पोर बाहेर आली ती अनवाणी, खांद्याला बॅग, तोंडाने किंकाळी. धावत रस्त्याच्या दाराशी गेली, तर दाराला कुलूप. ती कुलूप हिसकतेय, रडतेय, आणि मागून माझी वहिनी वाढदिवसाचं गाणं म्हणत, हातात किल्ल्या घेऊन येतेय!

“अगं बये, गाणं बंद कर आणि दार उघड!” मी ओरडले.

दार उघडलं आणि पोर गेली.

ऊन वर आल्यावर मारिक्रूस तिला घेऊन आली, ती सामान न्यायलाच. “फटाक्यांचं, वाढदिवसाचं, सगळं समजावलं मी तिला,” मारिक्रूस म्हणाली. “कळलं म्हणते. पण राहणार नाही. आणि ओदिलियाबाई, यापुढे मात्र...”

“माहितीये मला,” वहिनी म्हणाली. गयावया केली नाही, काही नाही. एक तामाल सोडला, ताटलीत घातला आणि टेबलावर ठेवला.

मारित पेटी धरून दारात उभी. ताटलीकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. भूक तर लागलीच असणार. मग पुढे आली, चमच्याने तामालाचे दोन भाग केले आणि ताटली वहिनीकडे सरकवली. म्हणजे, आधी तू खा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “विष घातलंय असं वाटतं हिला! वहिनी, शिवू नकोस त्याला!”

वहिनीने ऐकलंच नाही. खुर्चीवर बसली आणि खायला लागली. एक घास, दुसरा घास. पोर तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. अर्धा संपला तेव्हा ती समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकली, बॅग मांडीवरच ठेवून, आणि उरलेला अर्धा खायला लागली. वहिनीने दुसरा तामाल सोडला, त्याचेही दोन भाग केले, आणि न सांगता पहिला घास स्वतःच घेतला.

मारिक्रूस माझ्या कानाशी लागली, “बाहेर टॅक्सी उभी आहे हो.”

“उभी राहू दे,” मी म्हटलं. “माझी वहिनी जेवतेय.”