गाठोड्यातली मतं

ती घटना आजही आठवते, असं लिहायची आम्हा पोलीसवाल्यांना खोडच आहे. खरं म्हणजे ही घटना मला आठवावी लागत नाही. पळस फुलला की ती आपोआप डोळ्यांपुढे येते आणि अर्धी जागेपणी, अर्धी झोपेत पाहिल्यासारखी वाटते. परवा तर पळसाचीही गरज पडली नाही. सुनेने पेपरातली बातमी वाचून दाखवली, की अमेरिकेत काही राज्यांत सरकारचा मुख्य वकीलसुद्धा लोक मतं देऊन निवडतात. ती हसायला लागली. "बाबा, वकिलाची कसली निवडणूक!" मी म्हटलं, "हसू नको. आपल्या इकडं एक म्हातारी कधीच वकील निवडायला निघाली होती." मग तिला सगळं सांगावं लागलं. तेच इथे लिहितो. नाव मात्र कुणाचंच देणार नाही.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि विधानसभेची निवडणूक लागली होती. मी मुकुटबनच्या बाजूच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक हवालात आणि समोर मोहाचं झाड. फाल्गुनात मोहाची फुलं टपटप गळायची आणि सगळ्या ठाण्याला गोडसर गुंगी चढायची. जमादार रोजनामचा लिहिता लिहिता पेंगायचा. मी ओरडलो की दचकून म्हणायचा, "नाही साहेब, ऐकून राह्यलो."

त्या वेळची मतदानाची रीत आजच्यापेक्षा वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. या पेट्या पडद्याआड मांडलेल्या असत. मतदाराने चिठ्ठी घ्यायची, पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकून यायचं. आत कोणी बसत नसे. मत गुप्त राहावं म्हणून ती सोय होती.

आमच्या भागातून एक माजी सरकारी वकील अपक्ष उभे होते. माणूस सरळ, बोलायला फटकळ. मोठे पुढारी त्यांच्याविरुद्ध होते आणि त्यांच्याजवळ होते फक्त पाच-सहा सायकलवाले कार्यकर्ते. पण जंगलाच्या कडेला बंजाऱ्यांचा एक तांडा होता, तो पूर्ण त्यांच्या बाजूचा. कारण जुनं होतं. काही वर्षांपूर्वी बैलचोरीच्या खटल्यात आमच्याच खात्याने तांड्यातला एक तरुण पकडून उभा केला होता. तांड्याचा माणूस आहे, एवढाच काय तो पुरावा. त्या खटल्यात हेच सरकारी वकील उठले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "या माणसाविरुद्ध माझ्याजवळ काही नाही. शिक्षा मागायला माझी जीभ उचलत नाही." पोरगा सुटला. तांड्याने ते मनात कोरून ठेवलं.

आमच्याकडचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा कोतवाल धापा टाकत ठाण्यावर आला.

"साहेब, तांड्यानं घोटाळा केला. बायाबुवा पडद्यामांगं गेले अन् चिठ्ठ्या ओढणीत बांधून घेऊन आले. पेटीत टाकल्याच नाहीत."

"तुला कोणी सांगितलं?"

"बाजारात सगळेच बोलून राह्यले. वकिलाच्या माणसानं गोळा केल्या म्हणतेत. जिथं मतदान बाकी आहे, तिथं एकाच माणसाच्या हातून सगळ्या टाकतीन."

मामला गंभीर होता. मतपत्रिका बाहेर नेणं गुन्हा, आणि असा गठ्ठा उमेदवाराकडे सापडला तर त्याचं राजकारण आणि अब्रू दोन्ही एका दिवसात खलास. मी नोंद केली, दोन शिपाई घेतले आणि तांड्यावर गेलो. झोपड्या, धान्याच्या कणग्या, सगळं पाहिलं. चिठ्ठीचा तुकडा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी आमची गत. शेवटी तांड्याच्या नायकाला चौकशीसाठी ठाण्यावर आणलं. तो मुकाट्याने आला. खांद्याला पाण्याची तुंबी आणि फडक्यात भाकरी, एवढंच त्याने सोबत घेतलं.

मी पुष्कळ चौकश्या केल्या आहेत. खोटं बोलणारा फार बोलतो, हा माझा अनुभव. हा माणूस बोलतच नव्हता.

"चिठ्ठ्या कुठं आहेत?"

"गेल्या."

"कुठं गेल्या?"

"ज्याच्या आहेत त्याच्याकडं."

"कोणी मागितल्या होत्या?"

"कोनीच नाही मांगल्या."

जमादाराने आवाज चढवून पाहिला, मी गोडीगुलाबीने विचारून पाहिलं. नायक समोरच्या मोहाकडे बघत बसला. दुपार झाली. ऊन असं की पत्रे तडतडत होते. त्याच्या तुंबीतलं पाणी केव्हाच संपलं होतं. शिपायाने माठातलं पाणी आणून दिलं, त्याने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा दिलं, पुन्हा मान हलवली. ओठ फुटायला आले होते.

जमादार वैतागला. "नखरे पाहा! पाणी घेत नाही म्हणते. साहेब, याला उपासाचं सोंग घ्यायचं आहे."

पण मघाशी त्याने भाकरी खाल्लेली मी पाहिली होती. भाकरी खाऊन पाणी न पिणारा उपास मी तरी कधी ऐकला नाही. मी माझी खुर्ची ओढून त्याच्याजवळ नेली.

"नायक, ठाण्याच्या पाण्यात काय विष आहे? काहून नाही पीत?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. "तुमचं पानी पेलो तं माल तुमचा होऊन जाते, साहेब."

"कसला माल?"

त्याने रिकामी तुंबी मांडीवर घेतली. मग मोहाची फुलं गळावीत तसं हळूहळू बोलत गेला. त्यांचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांत जात. रीत अशी, की माल ज्याचा त्याच्या हातातच द्यायचा. घेणाऱ्याने माल पाहिला की आपल्या हाताने पाणी पाजायचं. ते पाणी प्यायलं की माल पोचला, जोखीम उतरली. ज्याने मधल्या वाटेत माल सोडला, त्याचं तोंड तांडा बघत नसे. आणि माल वाटेत असेपर्यंत नायकाने परक्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही.

"तिथं पडद्यामांगं गेलो, तं पेटीपाशी कोनीच नोतं. बेवारस पेटी. तिच्यात माल टाकून यायचा? वकीलसायबाचं मत आहे ते! उद्या कोनी उचलून नेलं तं आमी काय तोंड दाखवाचं? म्हनून सगळ्यायनं याडीच्या पदरात टाकलं. ते गेली द्यायले."

याडी म्हणजे आई. नायकाची आई, आणि त्या सुटलेल्या पोराचीही आई. ती गाठोडं घेऊन पांढरकवड्याला वकिलांच्या घरी पायी निघाली होती.

म्हातारी भरल्या ओसरीत जाऊन गाठोडं वकिलांच्या हातात ठेवणार, आणि ज्या माणसाचे उपकार फेडायला ती निघाली होती त्याचाच गळा कापणार! तिचा नायक पोरगा ठाण्यात अडकलेला, तो वेगळाच. मी एका शिपायाला दोन सायकली काढायला सांगितलं आणि त्याला घेऊन निघालो.

त्या वाटेचं मला आजही स्वप्न पडतं. दोन्ही बाजूंना पळस, पान एक नाही, नुसता केशरी. वारा नव्हता. आपण सायकल चालवतो आहोत की तरंगतो आहोत, ते कळत नव्हतं. ठिकठिकाणी विचारत गेलो. म्हातारीने आदली रात्र केळापूरच्या अलीकडच्या एका वस्तीत काढली होती. केळापूर जवळ आलं आणि पुढच्या झाडांच्या बुंध्यांवर उजेडाचे कवडसे नाचताना दिसले. मला वाटलं, उन्हाने डोळे दिपले. मग ती दिसली. तिच्या घागऱ्या-ओढणीवरच्या आरशांचे ते कवडसे होते. डोक्यावर गाठोडं, हातात काठी, चाल अगदी संथ.

"माय, थांब. कुठं निघाली?"

"वकिलाकडं."

"गाठोड्यात काय आहे?"

"माल."

शिपायाने हात पुढे केला. ती शांतपणे खाली बसली आणि गाठोडं मांडीत घेतलं. "हात नको लावू, बापा. तुहा नाही तो."

"माय, तुझा नायक ठाण्यात बसला आहे."

"बसन. पानी पेला का त्यानं?"

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गाठोडं हिसकावणं काही अवघड नव्हतं. पण मग ते चोरीचं गाठोडं ठरलं असतं, म्हातारी चोर ठरली असती आणि वकील तिचे साथीदार. मी शिपायाला पुढे पिटाळलं. तहसीलदारांना आणि दोन पंचांना घेऊन वकिलांच्या घरी ये, आणि तोवर वकिलांना म्हणावं कशालाही हात लावू नका. मी सायकल हातात धरून म्हातारीसोबत चालू लागलो.

ती जुन्या वाटांचं बोलत होती. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, तिच्या सासऱ्याने पाहिलेला समुद्र, डोंगरासारखे मिठाचे ढीग. मध्येच तिने विचारलं, "बापा, सरकारचा वकील कोन निवडते?"

"सरकारच नेमते."

"मंग तो सरकारचंच बोलन नं. आमचा वकील तं खरं बोलला. असा वकील लोकायनंच निवडाले पायजे." मी तिला समजावलं की ही निवडणूक वकिलाची नाही, विधानसभेची आहे. ती म्हणाली, "तेथं खरं बोलाची मनाई हाये का?" मी हसलो आणि सायकल ढकलत राहिलो.

वकिलांच्या ओसरीवर गर्दी होती. तहसीलदार पोचले होते. वकील धोतर-सदऱ्यात उभे, दोन्ही हात पाठीमागे. तोंड पांढरंफटक. म्हातारीने पायरीशी गाठोडं सोडलं. चिठ्ठ्यांचा ढीग दिसला आणि सगळी ओसरी पुढे झुकली.

"माल आनला, बापा. मोजून घे."

तहसीलदार ओरडले, "हात लावू नका!" वकिलांनी लावला नाही. पण तिच्याकडे पाहून त्यांचे डोळे भरून आले. म्हातारी हात पुढे करून उभी. मी वकिलांच्या कानाशी लागलो आणि त्या पाण्याची रीत सांगितली. हाडाचे वकील ते, त्यांना लगेच उमगलं. आत गेले, तांब्या घेऊन आले आणि तिच्या ओंजळीत स्वतः पाणी ओतलं. ती घटाघटा प्यायली. तोंड पुसलं.

"माय, माल पोचला?" वकिलांनी विचारलं.

"पोचला."

"आता माझा झाला?"

"तुहाच."

"मग माझ्या मालाचं काय करायचं ते मी सांगतो. तो या ठाणेदारांच्या हवाली कर."

तिने क्षणभर विचार केला आणि गाठोडं मुकाट्याने माझ्यापुढे सरकवलं. पंचनामा झाला, लाखेचे सील लागले. वकिलांनी एका चिठ्ठीला बोट लावलं नाही, हे दोन्ही पंचांनी लिहून दिलं. मी परत ठाण्यावर गेलो आणि नायकाला म्हटलं, "याडी पाणी प्यायली." त्याने माठाकडे हात केला आणि तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. चौकशीअंती लबाडीचा हेतू नाही असं ठरलं, आणि वरिष्ठांनी समज देऊन प्रकरण मिटवलं.

गाठोड्यातली मतं अर्थात बाद झाली. निकालात वकील पडले. किती मतांनी, ते लिहीत नाही. पण ते गाठोडं पेटीत पडलं असतं तर ते निवडून आले असते. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. "ठाणेदार, तांड्यावर हे कधी कळू देऊ नका."

पुढच्या निवडणुकीपर्यंत वकील वारले होते. आता रीत बदलली होती. एकाच कागदावर सगळी चिन्हं, त्यावर शिक्का मारायचा आणि सगळ्यांची मतं एकाच पेटीत, केंद्राध्यक्षांच्या डोळ्यांसमोर. मी तांड्याच्याच मतदान केंद्रावर बंदोबस्ताला होतो. म्हातारी आली, आता पार वाकलेली. तिने शिक्का मारला, घडी पेटीत टाकली आणि तिथेच उभी राहिली. हलेना. केंद्राध्यक्ष तडकले, "आजी, झालं तुमचं! निघा!" रांग कुरकुरायला लागली. ती पेटीवर हात ठेवून उभीच.

मी बाहेरच्या माठातून पाणी आणलं आणि तिच्या ओंजळीत ओतलं. ती प्यायली. मला ओळखलं. दाराशी आल्यावर हळूच विचारलं, "बापा, मांगच्या खेपेले वकील काहून पडला? माल तं पोचला होता नं?"

मला वकिलांचं ते मागणं आठवलं.

"पोचला होता, माय. मी होतो नं तिथं. वाटेत एक दाना सांडला नाही."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

कायद्याने तो गुन्हा होता आणि मी पंचनामाही केला. पण इमान पाळूनही माणूस गुन्ह्यात सापडू शकतो, हे मला त्या गाठोड्याने शिकवलं. नंतर नोकरीभर कुणाला हवालातीत घातलं की आधी मी त्याला पाणी विचारायचो, आणि तो नाही म्हणाला तर का, तेही विचारायचो. निवडणुकीच्या बंदोबस्ताला गेलो की पाण्याचा माठ मतपेटीच्या शेजारी ठेवायला लावायचो. केंद्राध्यक्ष कुरकुरायचे, माठ बाहेर ठेवा म्हणायचे. मी म्हणायचो, "असू द्या, उन्हाळा आहे."