काळ्या खिडकीत अडकलेले धवले

माझी बायको धवलारीण होती, लग्नात धवले म्हणजे हळदीची गाणी गाणारी. आमच्या आगरी लग्नात धवलारीण गायल्याशिवाय हळद लागत नाही. ती गेली, पण मुलीने तिचे धवले आधीच कम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते. मुलाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती नात म्हणाली, "आजोबा, हळद आजीच्या आवाजावरच लावायची." मी भावकीला तोऱ्यात सांगून टाकलं, "बाहेरची धवलारीण नको. आमच्या घरात हाय."

हळदीच्या दिवशी कम्प्युटर लावून बघितला तर तो मुका. गाणं पुढे सरकतंय, आवाज नाही. मुलगी मस्कतला नर्स आहे. कम्प्युटर चालवणारं लिनक्स तिनेच घातलं होतं. फोनवर म्हणाली, "बाबा, आतली सॉफ्टवेअर जुनी झाल्यात. अपडेट करा, आवाज येल. काळी खिडकी उघडा, मी सांगते ती अक्षरं दाबा."

माझी शाळा दुसरीतच सुटली. इंग्रजी अक्षरं मी ट्रकच्या नंबरप्लेटी बघून शिकलो. एकेक अक्षर शोधत दाबलं. मग पासवर्ड मागितला. मी दाबतोय, पण पडद्यावर काहीच उमटेना.

"तुझा कीबोर्ड मेला."

"मेला नाय वो. पासवर्ड तो दाखवतच नाय. दाबा गुमान."

पुढे यंत्रानेच विचारलं, हो की नाही.

"वाय दाबा, बाबा. म्हंजे हो."

"आधी काय लिवलंय ते सांग."

"कसली कसली नावं हायत, ती तुमाला काय सांगू?"

"मंग मी हो म्हनत नाय. कागद न वाचता हो म्हटलं म्हनून आपल्या शेतावर नव्या शहराचा सेक्टर उभा हाय."

"बाबा, इथं कुनी जमीन मागत नाय! माझी ड्यूटी लागते. दाबा!"

दाबलं. ओळी भराभर धावू लागल्या. "आता आपोआप होईल," म्हणाली आणि तिने फोन बंद केला. वॉर्डात फोन चालत नाही.

थोड्या वेळाने ओळी थांबल्या. कम्प्युटरचा डबा मात्र गुरगुरायला लागला, आणि हात लावला तर गरम. मळ्यातल्या पंपाचं असंच असायचं. मोटार गुरगुरते आणि पाणी ओढत नाही, तेव्हा विचार करत बसायचं नसतं. बटण बंद करायचं, नाहीतर कॉइल जळते. तशा कितीतरी मोटारी मी वाचवल्यात. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. जरा गार होऊ दिलं आणि पुन्हा लावलं.

चित्र आलंच नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं, त्यांच्याखाली लुकलुकणारी एक रेघ. मी एंटर दाबलं, पुन्हा दाबलं. मुलीचा फोन लागेना. जळणारी मोटार मला वासावरून कळते. इथे वास नाही, आवाज नाही. कुठे हात घालू?

दारात वहिनी आली. "भावोजी, तुमची धवलारीण कवा गानार? हलद सुकली ताटान."

मांडवात नात पाटावर बसली होती, माझ्याकडेच बघत. मी तिच्याजवळ गेलो. "लागत नाय गं," एवढंच म्हणालो. मग वहिनीला सांगितलं, "बेलपाड्याच्या धवलारणीला बोलवा."

बाई लगेच आली. चांगली गायली. नातीने मान खाली घातली ती वर केली नाही. मी तिच्या गालाला हळद लावली आणि बाजूला झालो.

मुलीचा फोन आला तेव्हा मांडव रिकामा झाला होता. "आयेचं गानं कुठं गेलं नाय, बाबा. अपडेट अर्धवट रायलंय. उद्या पुरं करू, मग वाजंल."

मी बरं म्हटलं. उद्या नात सासरी जाणार होती.